वर्गणीतले रस्ते

बाबांचा फोन सहसा येत नाही. आपण केला तर ते उचलतात, तोही तिसऱ्या खेपेला. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी, दुकानात समोर ग्राहक उभा असताना फोनवर त्यांचे नाव दिसले, तेव्हा दुसरा झटका आला असावा असेच मला वाटले.

"इल्पो," ते म्हणाले, "मशीनवर काहीतरी लिहून आलंय. रस्त्यांच्या खेळाचं नाव आहे आणि एकतीस तारीख आहे. बाकी सगळं इंग्रजी."

"वाचा बघू."

ते अडखळत वाचू लागले. तिसऱ्या शब्दालाच मला उलगडा झाला. असे निरोप मला नवे नव्हते. सेइनायोकीच्या मोठ्या बाजारात मी विजेच्या वस्तूंच्या विभागात काम करतो. त्या सेवेची कार्डे माझ्याच पाठीमागे टांगलेली असतात. महिन्याची वर्गणी भरायची आणि यादीतले शेकडो खेळ हवे तेवढे खेळायचे. दर महिन्याला यादीत काही खेळ येतात, काही जातात.

"जातोय तो," मी म्हणालो. "महिनाअखेर काढून टाकणार आहेत."

"कुठं जातोय?"

"कुठं नाही. यादीतून जातोय."

"आणि रस्ते?"

समोरच्या माणसाला टीव्हीची केबल हवी होती आणि तो घड्याळाकडे पाहत होता. संध्याकाळी बोलू, असे सांगून मी फोन ठेवला.

माझे वडील ओइवा हाउताकांगास यांनी चौतीस वर्षे ग्रेडर, म्हणजे पात्याने रस्ता खरवडून सारखा करणारे वाहन, चालवला. हार्यानपेरा आणि आसपासच्या गावांचे खडीचे रस्ते त्यांनी वसंतात चिखलातून वर काढले, उन्हाळ्यात सपाट केले, हिवाळ्यात बर्फाखालून मोकळे केले. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावा हात अर्धा गेला आणि त्याबरोबर गाडी चालवण्याचा परवानाही. बोटांना व्यायाम म्हणून फिजिओथेरपीच्या बाईंनी खेळाचे मशीन सुचवले. बाबांनी ते स्वतः जाऊन विकत घेतले, आणि त्याबरोबर एकाच खेळाची तबकडी: खडीच्या रस्त्यांवर जुन्या गाड्या पळवण्याचा एक साधा खेळ. त्यात स्वतःचा रस्ता तयार करण्याचीही सोय होती. बहुतेक लोक तिकडे फिरकत नसत. बाबांनी पहिल्या आठवड्यापासून दुसरे काही केले नाही.

दोन हिवाळ्यांत त्यांनी त्रेसष्ट रस्ते बांधले. मधला उंचवटा, दोन्ही कडांचा उतार, चर, चरावरच्या मोऱ्या, टपालपेट्यांच्या रांगा, कधीच मोडून गेलेले दुधाच्या कॅनचे लाकडी ओटे. रस्ते आज आहेत तसे नव्हेत. ग्रेडर फिरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिली गाडी जाण्याआधी, रस्ता जसा दिसतो तसे. बांधलेला रस्ता इतरांसाठी खुला करता येई. हा खेळ ज्याच्याकडे असेल तो, कुठल्याही मशीनवरून, त्यावर गाडी चालवू शके. फारसे कोणी येत नसे. एकदा कोणी पोर्तुगीज येऊन चरात पडून गेला. मात्र एकजण रोज येई. त्याने आपले नाव 'हर्मा-८७' असे ठेवले होते. हर्मा म्हणजे आमच्या भाषेत राखाडी.

"हर्मा आज सुसिओयाच्या वळणाला पुन्हा बाहेर गेला," बाबा मला रविवारी सांगत. "तिथं मी बाहेरची कड बोटभर उचललीय. बघू उद्या."

सोमवारी वळण कसे गेले, हे पुढच्या रविवारी कळे. झटक्यानंतर ते इतके सलग बोलताना मी दुसऱ्या कुठल्याच विषयावर ऐकले नव्हते.

आता माझ्या हातून काय झाले ते सांगितले पाहिजे. बाबांनी ती तबकडी घेतली त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, आमच्याकडच्या पितृदिनाला, मी त्यांना नवे मशीन भेट दिले. जुने मशीन एका कंपनीचे, हे दुसरीचे. अधिक वेगवान, पातळ, आणि तबकडीच्या फटीविना.

"याच्यात तबकडी कुठून घालायची?" बाबांनी ते उलटेसुलटे करून विचारले.

"घालायचीच नाही. आत चारशे खेळ आहेत. वर्गणी मी भरणार."

"मला एकच लागतो."

"तोही आहे आत."

"माझा कपाटात आहे. हा कुणाचा?"

"तोच हो, बाबा. तुम्हाला खेळल्याशी मतलब."

"वर्गणी थांबली तर?"

"थांबणार नाही. मी आहे ना."

"भाड्याच्या जमिनीत माणूस विहीर खणत नाही," ते म्हणाले. पण कॉफी प्यायले, आणि मी तारा जोडत असताना विजेरी धरून उभे राहिले.

मी त्यांना फसवले नव्हते. जे दिवसातून दहा जणांना सांगत होतो तेच त्यांनाही सांगितले, आणि त्यावर माझा विश्वास होता. माझ्या दुकानात तीन मुलांची आई येते. एका नव्या खेळाच्या किमतीत तिच्या घरात हिवाळाभर हवे ते खेळ चालतात. तिला मी काय सांगू, की हे वाईट आहे? माझ्या लहानपणी नाताळाला एक तबकडी मिळे आणि ती रटाळ निघाली तरी जूनपर्यंत तीच घासावी लागे. आता माझी मुलगी एका खेळात दहा मिनिटांत कंटाळते आणि दुसऱ्यात शिरते. शेवटपर्यंत एकही जात नाही, पण कंटाळण्याचे तिला स्वातंत्र्य आहे. हे सगळे मी आजही नाकारत नाही. फक्त एकाच खेळात दोन वर्षे राहणारा माणूस माझ्या हिशेबात नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी जुने मशीन पुसून कोरे केले. त्यातले बाबांचे पहिले चार रस्ते गेले. ते त्यांनी नव्या मशीनवर पुन्हा बांधले, मला एक शब्दही न बोलता. मशीन आणि तबकडी मी गावच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात, आठवड्यासाठी भाड्याने घेतलेल्या मांडणीवर, किमतीची चिठ्ठी चिकटवून ठेवली. तिथे विकणारा उभा राहत नाही. लोक वस्तू उचलतात आणि पैसे दाराशी देतात. शनिवारी गेलो तेव्हा जागा रिकामी होती. कोणी नेले ते मी विचारले नाही.

ऑक्टोबरच्या त्या मंगळवारी संध्याकाळी मी बाबांच्या स्वयंपाकघरात बसून सेवेच्या मदतकेंद्राला लिहिले. आधी खेळ विकत घेता येईल का ते पाहिले होते. येत नव्हता. त्यातल्या मोटारींची नावे वापरण्याचा करार संपल्यामुळे विक्री उन्हाळ्यातच थांबली होती. वर्गणीदारांना तेवढी एकतीसपर्यंत मुभा.

"काय म्हणतात?" बाबांनी विचारले.

"म्हणतात, तुम्ही तयार केलेलं सगळं सुरक्षित आहे. खेळ यादीत परत आला की जसंच्या तसं मिळेल."

"कधी येणार परत?"

मी विचारले. उत्तर लगेच आले. "सध्या माहिती नाही, म्हणतात. आणि आणखी काही मदत हवी का."

"हो म्हण."

"हो म्हणून काय सांगू?"

बाबा उठले, काठी टेकत आतल्या खोलीत गेले. खण ओढल्याचा आवाज झाला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पिवळट पडलेल्या छापील कागदांचे पॅड होते. ते मी लहानपणी पाहिले होते. ती योक्किसची कोरी खरेदीपत्रे होती.

योक्किस म्हणजे खाणीतल्या किंवा पडीक शेतातल्या मैदानावर भंगारातून उभ्या केलेल्या गाड्यांची शर्यत. आमच्याकडे अर्धा तालुका कधी ना कधी त्यात पळालेला असतो. तिथला एक नियम कोणी मोडत नाही. सगळ्या गाड्यांची किंमत एकच ठरलेली असते, आणि शर्यत संपल्यावर कोणीही कोणाच्याही गाडीसाठी त्या किमतीचे खरेदीपत्र टाकू शकतो. मालकाने गाडी द्यायचीच. नाही दिली तर त्याचा शर्यतीचा परवाना जातो. श्रीमंताने गाडीत फार पैसा ओतू नये, म्हणून हा नियम. पण जिने हिवाळाभर गॅरेजमध्ये झोप घालवली ती गाडी संध्याकाळी दुसऱ्याच्या ट्रेलरवर चढताना पाहणे सोपे नसते.

१९८७च्या ऑगस्टमध्ये बाबांनी असेच एक पत्र टाकले. गाडी शेजारच्या राउनो किविओयाची होती, एक राखाडी साब. त्याच्याइतके चांगले इंजिन त्या वर्षी कोणाकडे नव्हते. राउनोने नियमाप्रमाणे किल्ली काढून बाबांच्या तळहातावर ठेवली. त्या दिवसापर्यंत दोघे एकमेकांच्या घरी न विचारता दार उघडून जात. त्यानंतर राउनो आमच्या घरी आला नाही. पुढच्या वसंतात तिसऱ्याच शर्यतीत बाबांनी ती साब उलटवली आणि ती तिथूनच भंगारात गेली. दोघांची घरे एकाच रस्त्यावर, दीड किलोमीटर अंतरावर. बाबांनी पुढची कित्येक वर्षे राउनोच्या दारावरून ग्रेडर नेला, आणि हात कोणीच वर केला नाही.

"बाबा, हे काय करताय?"

"ऑफर टाकतोय." त्यांनी उजव्या हाताने सावकाश लिहायला सुरुवात केली. गाडीच्या रकान्यात लिहिले, 'रस्त्यांचा खेळ'. किमतीच्या रकान्यात तबकडीची त्या वेळची किंमत. खाली सही केली. मग पेन थबकले. "विकणाऱ्याचं नाव काय लिहू?"

"तिथं कुणी माणूस नाही, बाबा."

"नाव असेल ना कुणाचं तरी."

"मला माहीत नाही."

तो रकाना त्यांनी कोरा सोडला. "फोटो काढ आणि पाठव. पूर्ण किंमत देतोय. फुकट मागत नाही."

मला हसू आले नाही, पण लाज वाटली, आणि ती कोणाची हे तेव्हा मला ठरवता आले नाही. कागद सपाट धरून मी फोटो काढला, चार ओळी लिहिल्या आणि पाठवला. मूळ कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आले: जोडलेले चित्र उघडता येत नाही, तक्रार निकाली काढली आहे, आमची सेवा कशी वाटली ते पाच ताऱ्यांपैकी सांगा.

"म्हणजे नकार," बाबा म्हणाले.

"त्यांनी वाचलंच नाही."

"मग नकारही नाही." त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. बाहेर ओला बर्फ पडून लगेच वितळत होता. "नकार दिला तर आपल्याकडं परवाना जातो. यांचा कोण काढणार?"



एकतीस तारखेला मी रजा काढून सकाळीच गेलो. वाटले होते, ते सगळे रस्ते एकदा चालवून घेतील. ते सुसिओयाच्या रस्त्यावरची एक मोरी बदलत होते.

"तीन तास राहिलेत," मी म्हणालो. "चालवून तरी घ्या."

"मोरी तुंबली की वसंतात कड वाहून जाते."

"तिथं वसंत येत नाही, बाबा."

"तुला काय माहीत."

साडेअकराला त्यांनी मोरी संपवली आणि रस्ता पुन्हा खुला केला. बाराला पाच मिनिटे असताना 'हर्मा-८७' त्या रस्त्यावर आला. गाडी वळणाआधी किंचित डावीकडे हलली, मग वळण घेतले, आणि या वेळी बाहेर गेली नाही. बाबांच्या घशातून एक हुंकार निघाला. बरोबर बाराला पडदा यादीवर परतला. खेळाचे चित्र राखाडी झाले आणि त्यावर छोटे कुलूप आले.

मी काहीतरी म्हणालो असेन. बाबांनी हातातला कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि डाव्या हाताची बोटे उजव्या हाताने एकेक करून सरळ केली.

"जाऊ दे," ते म्हणाले. "रस्ता वापरात असला की पुरे. ग्रेडरवाला रस्ता घरी नेत नाही."

हे बोलणे मी हताश माणसाचे समजलो.

त्यानंतर आठवड्याने मी बाबांचे सामान घेऊन जाताना गावच्या पेट्रोलपंपावर कॉफीला थांबलो. खिडकीजवळच्या टेबलावर राउनो किविओया एकटा बसला होता. पंचाहत्तरीचा, खांद्यात वाकलेला, डोक्यावर ट्रॅक्टरच्या दुकानाची टोपी. एरवी तो मला मान हलवून सोडून देई. त्या दिवशी त्याने समोरची खुर्ची पायाने सरकवली.

"बस, वर्गणीवाल्या. तुमच्याकडचा तो खेळ बंद पडला म्हणे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बातम्या मलाही वाचता येतात." त्याने कॉफीत साखरेचा खडा बुडवला. "आमच्याकडं चालतो. तबकडी घातली की चालतो. कुणाला विचारावं लागत नाही."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो.

"असा बघू नकोस, घास अडकेल. बाजारात तू मांडणीवर मशीन ठेवत होतास तेव्हा मी पलीकडच्या रांगेत बूट बघत होतो. बूट घेतले नाहीत."

"हर्मा तुम्ही?"

"मग काय, शब्दकोडी सोडवत बसू?" तो म्हणाला. "ओइवाचे एकेचाळीस रस्ते उतरवून ठेवलेत मी मशीनमध्ये. त्यांच्या सर्व्हरचं काहीही होवो. सुसिओया अजून सत्तावन्न सेकंदांच्या आत बसत नाही. पण त्या दिवशी बसता बसता राहिला. कड चांगली उचललीय त्यानं."

त्याच्या आवाजात काहीतरी होते, जे मी ऐकायला हवे होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. दीड किलोमीटर अंतरावर एक मशीन आहे, त्यात बाबांचे एकेचाळीस रस्ते आहेत, आणि ते मीच माझ्या हाताने तिथे पोचवले आहे. येत्या रविवारी पितृदिन होता.

"मला ते मशीन हवंय, राउनो," मी म्हणालो. "बाबांसाठी. म्हणाल ती किंमत."

"विकायचं नाही."

"दुसरं आणून देतो, नवं."

"त्याला फट असते का?" तो हसला. "विकायचं नाही, पोरा. हवं तर ओइवाला सांग, ऑफर टाक म्हणावं. त्याला सवय आहे."

तो टोमणा होता, याहून अधिक काही नव्हते. पण माझा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. कागद तिथेच होता, महिनाभरापूर्वी घडी केलेला. मी तो उलगडून त्याच्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवला.

राउनोने टोपी मागे सारली, चष्मा काढून कोटाला पुसला, पुन्हा लावला. गाडीचा रकाना वाचला. किंमत वाचली. विकणाऱ्याच्या कोऱ्या रकान्यावर त्याचे बोट थोडा वेळ थांबले.

"ओइवानं सही केली?"

"सही त्यांचीच आहे," मी म्हणालो.

हे खरे होते. आजवर मी बोललेल्या खऱ्या वाक्यांपैकी हे सर्वांत वाईट.

 राउनोने खिशातून पेन काढले आणि कोऱ्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले, ठळक अक्षरांत, शाळेतल्या मुलासारखे. मग उठला. मी त्याच्या गाडीमागून त्याच्या घरी गेलो. त्याने तारा स्वतः काढल्या, गुंडाळून रबर लावले, तबकडी तिच्या डबीत घातली, मशीन पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून माझ्या हातात दिले. मी पुढे केलेले पैसे त्याने मोजले नाहीत. चुलीजवळच्या फळीवर ठेवले, आणि दार माझ्यासाठी उघडून धरले.

रविवारी मी केक नेला, आणि खोके. बाबांनी झाकण उघडले. मशीनच्या बाजूला बाजाराची जुनी चिठ्ठी अजून चिकटलेली होती, माझ्याच अक्षरातली.

"हे कुठून आणलंस?"

"राउनोकडून. हर्मा तोच निघाला, बाबा. तुमचे एकेचाळीस रस्ते आहेत यात. दुरुस्त नाही करता येणार, कारण ते तुमच्या दुसऱ्या मशीनच्या नावावर आहेत. पण चालवता येतील. कायमचे."

"त्यानं दिलं?"

मी केक कापू लागलो. "ऑफरवर."

"कुणाच्या?"

सुरी केकमध्येच राहिली. मला सांगावे लागले. मी सगळे सांगितले, कागद, खिसा, पेट्रोलपंप, आणि तो प्रश्न आणि माझे उत्तर. बाबा ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू झटक्यानंतर फारशी हलत नाही. त्या वेळी उजवीही हलली नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" मी शेवटी विचारले. "हर्मा कोण ते?"

"पहिल्या आठवड्यापासून. वळणाआधी डावीकडं हलणारा या तालुक्यात एकच आहे. सत्त्याऐंशीतही तसाच हलायचा."

"मग कधी बोलला का नाहीत त्याच्याशी?"

"बोलतच होतो की," बाबा म्हणाले.

त्यांनी खोक्याचे झाकण लावले आणि काठीच्या टोकाने ते माझ्या बाजूला सरकवले. "परत देऊन ये. सांग, ओइवानं टाकली नव्हती."

मी लगेच निघालो. राउनोने दार अर्धे उघडले. त्याच्या मागे टीव्हीखालचा कप्पा दिसत होता. मशीन काढल्यावर राहिलेल्या धुळीच्या चौकोनावर त्याने कुंडी ठेवली होती. मी जे घडले ते सांगितले. चूक माझी आहे, बाबांना यातले काही माहीत नव्हते, असे दोनदा सांगितले. त्याने पूर्ण ऐकून घेतले.

"सही त्याची नव्हती का?"

"होती, पण ती तुमच्यासाठी नव्हती."

"कागदावर माझं नाव आहे. मीच लिहिलंय." तो खोक्याकडे पाहत होता, घेत नव्हता. "ऑफरवर गेलेली गाडी कुणी परत घेत नसतं, इल्पो. तुझ्या बापाला माहीत आहे."

"राउनो, त्यांना ती नकोय."

"तेव्हा हवी होती." त्याने दाराची कडी धरली. "ठेवून घे म्हणावं. या वेळी उलटवू नको म्हणावं, बास."

बाबांनी खोके घरात घेऊ दिले नाही. ते माझ्या गाडीच्या मागच्या आसनावर आहे. एकदा मी ते विकावे असे ठरवले, मांडणीचे भाडेही भरले, आणि मग कोण नेईल या विचाराने ते परत आणले. दुकानात तीन मुलांची आई नाताळापूर्वी पुन्हा आली. मी तिला कार्ड दिले. घरात वर्षभर कोणी एखाद्याच खेळात रमले तर त्याची तबकडी वेगळी घ्या, असेही सांगितले. ती म्हणाली, आमच्या मशीनला फटच नाही.

वर्गणी बंद करू का, असे मी बाबांना डिसेंबरमध्ये विचारले. राहू दे, म्हणाले. रोज सकाळी ते नवे मशीन लावतात, यादी वरून खाली पाहतात आणि बंद करतात. मग कोट चढवून काठी घेऊन टपालपेट्यांपर्यंत जातात. गेल्या शनिवारी मी त्यांच्यासोबत होतो. पाऊस पडून गेला होता, बर्फ अजून टिकत नव्हता, रस्ता मऊ होता. राउनोची गाडी समोरून आली. वळणाआधी किंचित डावीकडे हलली आणि आमच्या शेजारून गेली. हात कोणीच वर केला नाही.

चाकाने उडवलेली खडी कडेला, चराच्या तोंडाशी येऊन पडली होती. बाबा खाली बघत थांबले. मग काठीने एकेक खडा रस्त्याच्या मध्याकडे सारू लागले. मी पायाने मदत करायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "तू राहू दे."